३००१२८ पंडितजसराज आणि ८७ सिल्व्हिया : लघुग्रहाची कक्षा, क्रमांक आणि नाव

प्रास्ताविक

सप्टेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने एका लघुग्रहाला मेवाती घराण्याचे ज्येष्ठ गायक पंडित जसराज यांचे नाव दिले. पंडितजींचा जन्म आजच्या हरियाणातील पीली मंदोरी येथला. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबई होती आणि अंधेरी (पश्चिम) येथील वर्सोवा परिसरात त्यांचे वास्तव्य होते. दि. १७ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. म्हणजे हा सन्मान त्यांच्या हयातीतच झाला. उपनगरातील रसिकांना या घटनेविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या संदर्भात सर्वसाधारण बोलण्यात 'पंडितजींच्या नावाचा तारा', 'पंडितजींच्या नावाचा ग्रह' असे शब्दप्रयोग सर्रास होतात. महाविद्यालयातील विद्यार्थीही तसेच बोलतात. त्यांच्याकडून हमखास येणारे प्रश्न तीन : हा तारा कोठे आहे, हे नाव कोणी दिले, आणि तो गच्चीवरून दिसेल काय?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका मुद्द्यापाशी येऊन मिळतात. लघुग्रहाच्या बाबतीत नाव ही सर्वांत शेवटी येणारी आणि शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट होय. त्याच्या आधी क्रमांक येतो आणि क्रमांकाच्या आधी कक्षा. कक्षा निश्चित झाल्याशिवाय क्रमांक मिळत नाही व क्रमांक मिळाल्याशिवाय नाव देता येत नाही. हा क्रम समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात पंडितजसराजच्या जोडीला आणखी एका लघुग्रहाचा विचार केला आहे. तो म्हणजे लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या अगदी बाहेरच्या काठावरील ८७ सिल्व्हिया. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हा लघुग्रह भारतभूमीवरूनच प्रथम दिसला.

मद्रास वेधशाळा आणि पट्ट्याचा बाह्य काठ

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील विस्तीर्ण अवकाशात दि. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला सेरेस सापडला. त्यानंतर अशा लहान पिंडांची संख्या वाढतच गेली. प्रारंभी त्यांना ग्रहच म्हणत असत. ते इतके होऊ लागले की ग्रहमालेत त्यांना स्वतंत्र चिन्हे देणे अशक्य झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोधाच्या क्रमानुसार आकडे देण्याची पद्धत रूढ झाली.

याच काळात नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचा प्रमुख म्हणून भारतात आला. ऑक्सफर्डला असताना त्याने तीन लघुग्रह शोधले होतेच. मद्रासला आल्यावर थोड्याच काळात, दि. १७ एप्रिल १८६१ रोजी, त्याला आणखी एक सापडला. आशिया खंडातून शोधलेला हा पहिला लघुग्रह असल्याने त्याचे नाव 'एशिया' ठेवण्यात आले. पुढे १८६४ मध्ये सॅफो, दि. १६ मे १८६६ रोजी सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा असे आणखी चार लघुग्रह त्याने तेथूनच शोधले. याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे भारतीय सहायक काम करीत होते. त्यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासात या नावाचा उल्लेख आजही क्वचितच आढळतो, ही खेदाची बाब आहे.

पॉगसनच्या शोधांचे साधन आजच्या दृष्टीने अत्यंत साधे होते. आकाशाच्या एका लहान तुकड्यातील सर्व ताऱ्यांचा नकाशा हाताने काढावयाचा, पुढील रात्री त्याच तुकड्याशी तो ताडून पाहावयाचा आणि एखादा ठिपका जागचा हलला आहे काय हे शोधावयाचे. हललेला ठिपका म्हणजे तारा नव्हे. ही पद्धत डोळ्यांची आणि धीराची परीक्षा पाहणारी होती. १८९१ मध्ये मॅक्स वुल्फ याने छायाचित्राच्या साहाय्याने लघुग्रह शोधण्यास आरंभ केला व ती मागे पडली. त्याच वर्षी पॉगसनचे मद्रास येथे निधन झाले. व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९८८ मध्ये कवलूर येथील वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी शोधलेला तो लघुग्रह आज ४१३० रामानुजन या नावाने ओळखला जातो.

मद्रासच्या पाच शोधांपैकी सिल्व्हिया आणि कॅमिला हे दोन पट्ट्याच्या बाह्य काठावरचे आहेत. पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतरास एक खगोलीय एकक म्हणतात. ते सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आहे. सिल्व्हियाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३.४८ एकके, म्हणजे सुमारे ५२ कोटी किलोमीटर भरते. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास तिला साडेसहा वर्षे लागतात. शोध लागल्यापासून आजवर तिच्या जेमतेम चोवीस प्रदक्षिणा झाल्या आहेत. कॅमिलाची कक्षा जवळपास एवढीच आहे.

बाह्य काठ म्हणजे नेमके काय?

पट्टा म्हटले की सर्वत्र सारखे पसरलेले दगड डोळ्यांसमोर येतात. वस्तुस्थिती तशी नाही. सूर्यापासूनच्या सरासरी अंतरानुसार लघुग्रहांची मांडणी केली असता काही ठिकाणी ते जवळजवळ नाहीतच असे दिसते. डॅनियल कर्कवुड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने या रिकाम्या जागांचे विवेचन प्रसिद्ध केले ते साल १८६६, म्हणजे सिल्व्हियाच्या शोधाचेच. त्या वेळी ज्ञात लघुग्रहांची संख्या शंभरही नव्हती. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून त्याने काढलेले अनुमान आज लाखो लघुग्रहांच्या कक्षांनी खरे ठरविले आहे.

या फटींचे कारण गुरू ग्रह होय. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास ११.८६ वर्षे लागतात. समजा, एखादा लघुग्रह याच्या निम्म्या काळात, म्हणजे सुमारे ५.९३ वर्षांत, प्रदक्षिणा पूर्ण करतो. मग त्याच्या प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर तो व गुरू पुन्हा त्याच स्थितीत समोरासमोर येतील आणि गुरूचे आकर्षण त्याच्या कक्षेला त्याच जागी पुन्हा ओढ देईल. झोपाळ्यास नेमक्या वेळी हलकासा हात लावीत गेले तरी झोका उंच जातो. तद्वत ही लहानशी ओढ वारंवार मिळून लघुग्रहाची कक्षा लांबट होत जाते आणि कालांतराने तो त्या जागेतून बाहेर फेकला जातो. २:१ या प्रमाणाची ही फट सूर्यापासून ३.२७ एककांवर आहे. ३:१ या प्रमाणाची फट २.५ वर, तर ५:२ ची २.८२ वर आहे. पट्ट्याचे अंतर्गत, मध्य व बाह्य असे जे तीन भाग मानले जातात त्यांच्या सीमा म्हणजे याच फटी. २.८२ ते ३.२७ एकके हा बाह्य पट्टा, आणि त्याही पलीकडे सुमारे ३.७ पर्यंतचा विरळ प्रदेश हा सिबिली गटाचा. सिल्व्हिया आणि कॅमिला या गटात मोडतात.

संगीताशी परिचित असणाऱ्या वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. २:१ हे मध्य षड्ज आणि तार षड्ज यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण आहे, तर ३:२ हे षड्ज-पंचमाचे. तानपुऱ्यात एक तार छेडली असता दुसरी जे बोलू लागते त्यालाही आपण अनुनादच म्हणतो आणि पट्ट्यातील या घटनेचे शास्त्रीय नावही अनुनाद असेच आहे. पंडित जसराजांच्या नावाच्या निमित्ताने हा योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. पण साम्य येथेच संपते. संगीतात ही दोन्ही प्रमाणे कानाला गोड लागतात. पट्ट्यात मात्र २:१ चे प्रमाण जागा रिकामी करते, तर ३:२ चे प्रमाण, सूर्यापासून सुमारे ४ एककांवर, हिल्डा गटातील लघुग्रहांना आश्रय देते. तेथील लघुग्रह गुरूच्या निकट येण्याची वेळ नेमकी टाळत फिरतात. एकाच तत्त्वाचा परिणाम एके ठिकाणी विनाशक व दुसरीकडे संरक्षक कसा होतो, हे गणिताने तपासून पाहण्यासारखे आहे. त्यातून 'ग्रहांचे संगीत' काढण्याचे प्रयत्न मात्र कल्पनाविलासच ठरतात.

काळोखे पाषाण आणि दोन उपग्रह

अंतर्गत पट्ट्यातील बरेच लघुग्रह खडकाळ व तुलनेने उजळ असतात. बाहेर जावे तसे काळपट, कार्बनयुक्त पिंडांचे प्रमाण वाढते. सिल्व्हियाचा पृष्ठभाग आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी शेकडा चार-पाच इतकाच परत फेकतो, म्हणजे तो कोळशाइतका काळा आहे. सूर्यापासून दूर व थंड असलेल्या या प्रदेशात पाणी बर्फरूपाने टिकून राहू शकते. बाह्य पट्ट्यातील २४ थेमिस या लघुग्रहाच्या पृष्ठभागावर बर्फाच्या खुणा आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पट्ट्यातच फिरणाऱ्या 'रीड' नामक धूमकेतूभोवती पाण्याची वाफ असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२३ मध्ये सिद्ध झाले. पृथ्वीवरील पाण्याचा काही भाग लघुग्रहांतून आला असावा या विचाराला अशा शोधांनी बळ मिळते.

सिल्व्हियाची लांबीरुंदी सरासरीने सुमारे २७० किलोमीटर आहे. एवढा पिंड स्वतःभोवतीची फेरी केवळ ५ तास ११ मिनिटांत पूर्ण करतो. २००१ मध्ये हवाई बेटांवरील केक दुर्बिणीतून तिच्याभोवती एक उपग्रह दिसला. दुसरा उपग्रह चिली देशातील महाकाय दुर्बिणीतून घेतलेल्या २००४ च्या प्रतिमांत सापडला व ऑगस्ट २००५ मध्ये जाहीर झाला. दोन उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह. सिल्व्हिया हे नाव रोमच्या पुराणकथेतील रीया सिल्व्हियाचे. त्यामुळे उपग्रहांना तिच्या जुळ्या पुत्रांची, रोम्युलस आणि रीमस अशी, नावे मिळाली. पुढे कॅमिलाभोवतीही दोन उपग्रह असल्याचे निष्पन्न झाले. मद्रासहून साध्या नकाशांच्या आधारे हेरलेले दोन ठिपके तीन-तीन पिंडांची कुटुंबे निघावीत, हे पॉगसनच्या स्वप्नातही आले नसेल.

उपग्रहांचे महत्त्व केवळ कौतुकापुरते नाही. उपग्रह किती अंतरावरून आणि किती वेळात फिरतो हे कळले की मध्यवर्ती पिंडाचे वस्तुमान न्यूटनच्या नियमाने थेट काढता येते. रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटर अंतरावरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात फेरी घालतो. त्यावरून सिल्व्हियाचे वस्तुमान निघते आणि आकारमानाने भागल्यावर घनता मिळते. ती पाण्याच्या १.२ ते १.४ पट इतकीच आहे. तुलनेसाठी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उदाहरण घेता येईल. तो बसाल्टचा कडा आहे व बसाल्टची घनता पाण्याच्या २.८ ते ३ पट असते. सिल्व्हिया याच्या निम्म्याहूनही हलकी आहे. याचा अर्थ ती एकसंध शिळा नसून आतून पोकळ्या असलेली, जुन्या आघातात फुटून पुन्हा एकत्र आलेल्या तुकड्यांची रास असावी. उपग्रहही त्याच आघाताचे अवशेष असावेत, असे मानले जाते.

क्रमांक कसा मिळतो?

आता पंडितजसराजकडे वळू. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान फिरणारा हा लघुग्रह दि. ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून चालणाऱ्या कॅटलिना आकाश सर्वेक्षणात नोंदला गेला. या सर्वेक्षणाचा मूळ हेतू पृथ्वीच्या जवळ येणारे धोकादायक पिंड शोधणे हा आहे. मुख्य पट्ट्यातील लघुग्रह त्याला जाता जाता मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या अवधीने छायाचित्रे घेऊन हललेला ठिपका संगणकाकरवी शोधला जातो. तत्त्व पॉगसनचेच, फक्त नकाशा काढणारा हात आणि ताडून पाहणारा डोळा बदलला.

असा ठिपका सापडला की प्रथम त्याला तात्पुरती संज्ञा मिळते. या लघुग्रहाची संज्ञा '२००६ व्हीपी ३२' अशी होती. ही सांकेतिक लिपी वाचणे अवघड नाही. वर्षाचे चोवीस पंधरवडे करून प्रत्येकास रोमन लिपीतील एक अक्षर दिलेले आहे. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील क्रम दाखविते. 'आय' हे अक्षर वगळून पंचवीस अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून पुढे फेरीचा आकडा लिहितात. 'पी' हे पंधरावे अक्षर आणि ३२ फेऱ्या पूर्ण. म्हणजे ३२ गुणिले २५ अधिक १५. त्या पंधरा दिवसांत नोंदला गेलेला हा ८१५ वा पिंड होता. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे गणित करून दाखविले असता एका पंधरवड्यातील शोधांची संख्या पाहून ते चकित होतात.

तात्पुरती संज्ञा म्हणजे ओळख पटली असे नव्हे. एका रात्रीच्या निरीक्षणावरून कक्षेचा अदमास येतो, निश्चिती होत नाही. लघुग्रह सूर्याच्या मागे जातो, क्षीण होतो, हरवतो. पृथ्वी सूर्य आणि लघुग्रह यांच्या मध्ये येते त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. साधारणतः चार किंवा अधिक प्रतियुतींच्या वेळी तो अपेक्षित जागी सापडला, तरच त्याची कक्षा विश्वासार्ह ठरते व त्यास कायम क्रमांक दिला जातो. क्रमांक म्हणजे 'हा पिंड आता हरवणार नाही' अशी गणिताने दिलेली हमी होय.

पंडितजींचा जन्म दि. २८ जानेवारी १९३० चा. वर्ष, महिना व दिवस या क्रमाने लिहिल्यास ३०-०१-२८, म्हणजेच ३००१२८. या जुळणीला बातम्यांतून दैवी संकेताचे रूप दिले गेले. क्रमांक आधी पडला होता व नाव नंतर आले, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकाशाने घडविलेला योग नसून यादीतून प्रेमाने केलेली निवड आहे असे मानणेच युक्त ठरते. आज क्रमांकित लघुग्रहांची संख्या सात लाखांच्या पुढे गेली आहे. त्यामुळे विसाव्या शतकात १९७० पूर्वी जन्मलेल्या कोणाही व्यक्तीच्या जन्मदिनांकाचा लघुग्रह यादीत मिळतोच! निवड करणाऱ्याची रसिकता यामुळे उणी होत नाही. फक्त तिचे श्रेय ग्रहताऱ्यांना न देता माणसांना द्यावे लागते.

नाव देण्याचे नियम

क्रमांक मिळाल्यानंतर दहा वर्षांपर्यंत नाव सुचविण्याचा अधिकार शोधकाचा असतो. सूचना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या समितीपुढे जाते. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांहून मोठे नसावे, शक्यतो एकच शब्द असावा, उच्चारता यावे, कोणास अपमानकारक नसावे व अन्य लघुग्रहाच्या नावाशी फार साधर्म्य असणारे नसावे, असे संकेत आहेत. 'पंडितजसराज' हे नाव जोडून लिहिले जाते ते यामुळेच. रोमन लिपीत ते बारा अक्षरांचे होते. राजकीय किंवा लष्करी कारणाने प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. संगीतकारांना अशी अट नाही. मोझार्ट, बेथोवन, पावारोत्ती यांची नावे पूर्वीच या यादीत आली होती. पैकी १८१५ बेथोवन हा बाह्य पट्ट्यातीलच आहे.

या प्रक्रियेत पैशाचा व्यवहार कोठेही नाही आणि व्यापारी नावांना मज्जाव आहे. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, वाढदिवसाची भेट म्हणून 'ताऱ्याला नाव' दिल्याची प्रमाणपत्रे विकणारे व्यावसायिक आहेत आणि उपनगरातील सुशिक्षित कुटुंबेही ती घेतात. अशा नावांना खगोलशास्त्रात काडीचेही स्थान नाही. लघुग्रहाचे अधिकृत नाव विकत मिळत नाही आणि ते मिळाल्याने त्या पिंडावर कोणाची मालकीही होत नाही. आजमितीस ज्ञात लघुग्रह तेरा लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी नाव मिळालेले सुमारे पंचवीस हजार. २०२५ च्या जूनमध्ये चिलीतील रुबिन वेधशाळेने अवघ्या दहा तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह सापडल्याचे जाहीर केले. पॉगसनला मद्रासमधील पाच शोधांसाठी चोवीस वर्षे लागली होती.

शोधाच्या या कामात आपले उपनगरही अगदीच अलिप्त नाही. दि. १६ ऑगस्ट २०२० रोजी '२०२० क्यूजी' हा मोटारीएवढा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २,९५० किलोमीटरवरून निघून गेला. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील सर्वेक्षणाच्या प्रतिमांतून तो हुडकणाऱ्यांत पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थी होता. हा पिंड पट्ट्यातला नव्हे. पण रोजच्या प्रतिमा चाळून हललेली खूण ओळखण्याचे काम तेच.

गच्चीवरून दिसेल काय?

ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याची आज प्रचलित असलेली श्रेणी निश्चित केली तीही पॉगसननेच, १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हा त्याचा नियम. निरभ्र व काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. सिल्व्हिया प्रतियुतीच्या सुमारास बाराव्या प्रतीच्या आसपास असते. तीन लाखांच्या घरातील क्रमांकांचे पट्ट्यातील लघुग्रह साधारणतः एक ते काही किलोमीटर आकाराचे व विसाव्या प्रतीच्या आगेमागे असतात. आठ प्रतींचा फरक म्हणजे सिल्व्हियाच्या तेजाचा सुमारे सोळाशेवा भाग. तेव्हा पंडितजसराज अंधेरीच्या कोणत्याही गच्चीवरून, कोणत्याही हौशी दुर्बिणीतून दिसणार नाही.

अशा क्षीण पिंडाचा आकारही बहुधा तेजावरूनच अजमावावा लागतो आणि तेथे परावर्तनक्षमतेचा प्रश्न आडवा येतो. शेकडा पंचवीस प्रकाश परतविणारा उजळ पिंड आणि शेकडा चारच परतविणारा काळा पिंड सारखेच तेजस्वी दिसत असतील, तर काळ्याचा व्यास उजळाच्या अडीचपट असला पाहिजे. उष्णतेचे प्रारण स्वतंत्रपणे मोजता आले तरच ही संदिग्धता दूर होते.

सिल्व्हियाची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या दिव्यांपासून दूर, मुरबाडच्या किंवा कर्जतच्या बाजूस, आठ इंची दुर्बीण घेऊन गेल्यास प्रतियुतीच्या दिवसांत ती दिसू शकते. तबकडी दिसणार नाही. ताऱ्यासारखा एक ठिपकाच दिसेल. तो ओळखण्याचा उपाय म्हणजे नेत्रकाचे क्षेत्र कागदावर उतरवून घ्यावयाचे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ताडून पाहावयाचे. त्यासाठी त्या महिन्यातील तिची स्थाने संगणकावरून आधी काढून घ्यावीत, अमावास्येच्या आसपासच्या लागोपाठच्या दोन रात्री निवडाव्यात आणि पावसाळा टाळावा.